कार्ल्याच्या आंब्याखालून ठुमकी गेली कुठे?

"वहिनी, ते खोकं डिकीत टाकू या. माझ्या नव्या रेक्झिनला उंदरांचा वास लागतोय," दिगूकाका म्हणाले.

"उंदीर नाहीत ते, जर्बिल आहेत," मागच्या सीटवरून कुमुद म्हणाली. "आणि डिकीत टाकायचं नाही. डिकीत वारा नसतो."

हे संभाषण चिंचवडला झालं होतं, वडगावला झालं होतं आणि आता कामशेत मागे पडल्यावर तिसऱ्यांदा चाललं होतं. कुमुद बारा वर्षांची होती. राग तिच्या नाकावर कायम बसलेला असे, आणि नाक तसं लहान असल्यामुळे तो पटकन घसरून खाली येई. पण आज तिनं फार आवरून धरलं होतं, कारण गाडी काकांची होती.

खोकं तिच्या मांडीवर होतं. चहाच्या पेटीच्या फळ्यांचं, वर बारीक तारेची जाळी आणि जाळीवर ओलं फडकं. आत ठुमकी होती आणि तिची चार पिल्लं. कुमुदचे बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं जोधपूरहून ही जर्बिलांची जोडी आणली होती. बदामी अंग, टपोरे डोळे, शेपटीच्या टोकाला झुपका. पिल्लं झाल्यावर नर परत कॉलेजात गेला आणि मादी कुमुदकडे राहिली. घाबरली की ती मागच्या पायांनी ठप ठप ठप असा ठेका धरी, म्हणून तिचं नाव ठुमकी. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते, आणि ठुमकीला पुन्हा दिवस गेले होते. पोट असं तट्ट फुगलं होतं की आज होतील की उद्या, हे सांगता येत नव्हतं.

बाबा विद्यार्थ्यांची सहल घेऊन दूर गेलेले, दिवाळीच्या सुट्टीत घर बंद. आईच्या मैत्रिणीचा लोणावळ्याचा बंगला रिकामा होता, तिथं सगळे राहणार होते. काका कामासाठी पुण्याला आले होते आणि फियाट घेऊन मुंबईला परत निघाले होते. "वाटेतच तर आहे, सोडतो तुम्हाला," असं म्हणाले होते. तेव्हा फार गोड बोलले होते.

समोर बैलगाडी आली. काकांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

खोक्यातून ठप ठप ठप आवाज आला.

"काका, हॉर्न वाजवू नका ना. तिला दिवस गेलेत. ती घाबरते."

"हॉर्न वाजवू नको? मग गाडी कशाला घेतली मी?"

"ताई, तबला मस्त लागलाय तिचा," दहा वर्षांचा रंजन म्हणाला. तो कुमुदचा धाकटा भाऊ. त्याला कशातही गंमत दिसे, आणि खाण्यात सगळ्यात जास्त दिसे.

"रंजू, तू गप्प बस."

आई पुढच्या सीटवरून मागे वळली. "कुमुद, काकांना उलट बोलायचं नाही."

मोठ्यांना उलट बोलायचं नाही हा नियम कुणी केला असेल? मोठ्यांनीच, दुसरं कोण करणार? कुमुदनं फडक्याखाली हात घालून जाळीवरूनच ठुमकीला गोंजारलं.

---

कार्ल्याला कुलदेवीचं दर्शन घ्यायचं होतं. गाडी रस्त्याकडेच्या एका मोठ्या आंब्याखाली थांबली. शेजारी महिपतीचं चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलाच्या पडवीच्या सावलीत चिमाबाई नावाची म्हातारी काकड्यांची टोपली घेऊन बसली होती. डोंगरातल्या ठाकरवाडीची ती. तिची नात हिरी कुमुदच्याच वयाची, आणि नातू कोंडू जेमतेम सात वर्षांचा. कोंडू गाडीकडे असा बघत होता की डोळ्यांची उघडझाप करायचंही विसरला होता.

"मी काही डोंगर चढत नाही, माझा गुडघा दुखतोय," काका म्हणाले. "तुम्ही या जाऊन. मी गाडी सांभाळतो."

"मग मी खोकं वर घेऊन जाते," कुमुद म्हणाली.

"देवीच्या दारात उंदीर? अगं, काही पाचपोच?"

आईलाही ते पटलं नाही. शेवटी कुमुद काकांच्या समोर जाऊन उभी राहिली. "काका, मला शब्द द्या. गाडी सावलीतच राहील. खोकं सीटवरच राहील. काचा उघड्या राहतील."

"दिला बाई शब्द."

हिरी खिडकीशी येऊन उभी होती. "काय हाय त्यात?" तिनं विचारलं. कुमुदनं फडकं उचलून दाखवलं.

"आमच्या शेतातल्या उंदरावानीच हाय की. पर शेपूट बघ, गोंडा लावल्यावानी," हिरी म्हणाली. "आन् ही तर पोटुशी हाय. हिला कशापायी फिरवती?"

"घर बंद होतं गं. एकटीला टाकून कशी येणार?"

हिरीनं मान हलवली. ते तिला पटलं असावं. "जा तू. मी हाय हितंच," ती म्हणाली.

तेवढ्यात पों करून आवाज झाला. कोंडूनं खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला होता. "ए कार्ट्या, हात काढ!" काका ओरडले, आणि कोंडू आजीच्या मागे जाऊन लपला.

---

पायऱ्या, दर्शन, ओटी, वरच बसून खाल्लेल्या दशम्या, मग लेणी. उतरेपर्यंत ऊन पार डोक्यावरून कललं होतं. कुमुद सगळ्यांच्या पुढे धावत खाली आली आणि थबकली.

गाडी आंब्याखाली नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडे रखरखीत उन्हात उभी होती. काचा निम्म्या वर घेतलेल्या. खोकं मात्र मागच्या सीटवर होतं. वरचं फडकं कोरडं ठणठणीत.

तिनं फडकं उचललं. जाळीचा एक कोपरा आत दबून उचकटला होता.

खोकं रिकामं होतं.

"आई! ठुमकी नाहीये! पिल्लंही नाहीत!"

काका हॉटेलातून बाहेर आले. गुडघा दुखत होता म्हणावं तर चांगले लगबगीनं आले. खोक्यात बघितलं आणि क्षणभर त्यांचा चेहराही उतरला. तो रंजननं पाहिला. पुढच्या क्षणी काकांचं बोट हिरीकडे वळलं होतं.

"ह्या पोरांनी नेले. मघापासून गाडीभोवती घोटाळतायत. अहो वहिनी, ही डोंगरातली माणसं, उंदीर भाजून खातात. तुम्हाला ठाऊक नाही."

चिमाबाई उठून उभी राहिली. "सायेब, असं नगा बोलू. पोरं हितंच बसल्याली."

हिरीचा चेहरा लाल झाला होता. ती म्हाताऱ्या आजीसारखी हळू बोलली नाही. "खातो आमी उंदीर. शेतातलं, आमी धरल्यालं. दुसऱ्याचं पाळल्यालं न्हाई खात. आन् गाडी तर ह्यांनीच न्हेलती! समदी वर गेली तवा ह्ये गाडी घिऊन गेलं औंढे गावाच्या अंगाला."

"खोटारडी! गाडी जागची हलली नाही. ऊन आलं म्हणून इकडे लावली एवढंच."

"सावलीतून उन्हात?" रंजननं विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

महिपती पुढे झाला. गाडीवाले साहेब त्याच्याकडे चहा घेणारे गिऱ्हाईक, आणि चिमाबाई काय, कोपऱ्यात बसणारी म्हातारी. कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं पायानं टोपली पडवीबाहेर सरकवली. "म्हातारे, चोऱ्या करनारी पोरं घिऊन माज्या दारात बसू नगं. उद्यापासनं दुसरी जागा बघ."

दोन काकड्या घरंगळून रस्त्यावर गेल्या. चिमाबाईनं त्या उचलून पदरानं पुसल्या. ती जागा तिची फार वर्षांपासूनची होती. तिथं सावली होती आणि एसटी समोरच थांबे. रस्त्यावरच्या उन्हात काकडी तासाभरात मऊ पडते आणि मऊ काकडी कोण घेतो?

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. "आई, तू बघतेस ना? कुणी बघितलं ह्या पोरांना ठुमकीला नेताना? कुणीच नाही. मग काका कशावरून म्हणतात?"

"कुमुद, तमाशा नको रस्त्यावर," आई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "भाऊजी, जरा थांबू या. शोधून तरी बघू."

"थांबायला वेळ नाही. तुम्हाला लोणावळ्याला टाकून मला उजेडात घाट उतरायचाय. एक कप चहा घेतो आणि निघतो."

काका हॉटेलात शिरले आणि त्यांनी गाडीची किल्ली चहाच्या टेबलावर ठेवली.

---

"मी गाडीत बसणार नाही," कुमुद रंजनला म्हणाली. "ठुमकी सापडल्याशिवाय गाडी हलणारच नाही."

"गाडी कशी हलणार नाही?"

"ते मला माहीत नाही."

रंजन हॉटेलात जाऊन आला. खारी बिस्किट मागायला गेला होता म्हणे. बाहेर येऊन तो चिमाबाईच्या टोपलीपाशी वाकला, एक काकडी हातात घेऊन परत ठेवली आणि शीळ घालत आला. "नाही हलणार आता," तो म्हणाला. त्यानं काय केलं ते कुमुदनं विचारलंच नाही. तिला हिरीला गाठायचं होतं.

हिरी हॉटेलामागच्या पेंढ्याच्या उडवीआड बसली होती. कोंडू तिच्या शेजारी. कुमुदला बघताच ती उठली. "झडती घ्यायला आलीस व्हय? घे."

"नाही. तू नाही नेलेस ते. मला माहीत आहे."

"मग तवा का न्हाई म्हनलीस?"

"म्हटलं. कुणी ऐकलं नाही."

"आमचं तर कुनीच कदी ऐकत न्हाई," हिरी म्हणाली आणि परत बसली.

कुमुदही तिच्याजवळ पेंढ्यावर बसली. दोघी सारख्याच चिडल्या होत्या, त्यामुळे जास्त समजावासमजावी करावी लागली नाही. "हे फडकं बघ," कुमुद म्हणाली. "मी ओलं करून घातलं होतं. आणि जाळी बाहेरून आत दबलीय. कुणी उघडली असती तर ती बाहेर उचकटली असती. वरून काहीतरी जड पडलंय."

रंजननं फडकं नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. "ताई, भात."

"तुला आत्ता भूक लागलीय?"

"भुकेचं नाही गं. ह्याला आंबेमोहोराचा वास येतोय. आजी सणाला खीर करते ना त्या तांदळाचा."

हिरीनं फडकं ओढून घेतलं. "व्हय की! नव्या तांदळाचा हाय." तिचे डोळे चमकले. "गाडी आली तवा मागनं दबल्याली हुती. आन् खालच्या पत्र्यात भाताची काडं अडाकल्यात, जाऊन बघ. डांबरी रस्त्याला भाताची काडं कुठनं आली? शेताच्या वाटंला शिरल्याबिगर न्हाई लागत."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती वर्षं धान्याच्या टंचाईची होती. तांदूळ रेशनवर मिळे, तोही जाडाभरडा. मावळातला तांदूळ कुणी आपल्या मनानं मुंबईला नेऊ नये म्हणून सरकारची बंदी होती, आणि वाटेत नाक्यावर गाड्यांच्या डिक्या उघडून बघत. तरी नेणारे नेतच. गादीत गुंडाळून, कोळशाखाली लपवून. आणि हीच माणसं घरी मुलांना खरं बोलावं, चोरी करू नये असं शिकवत.

"काकांनी तांदूळ घेतलाय," कुमुद सावकाश म्हणाली. "पोतं डिकीत घालताना, वास येतो म्हणून, खोकंही डिकीत टाकलं. वर पोतं. आणि आम्ही आलो तेव्हा न बघता परत सीटवर आणून ठेवलं."

"मग ठुमकी वाटेत सांडली?" रंजनचा आवाज एकदम बारीक झाला. औंढ्याच्या शेतात ठुमकी, चार पिल्लं आणि आभाळात घिरट्या घालणाऱ्या घारी, असं सगळं त्याला दिसलं असावं.

तेव्हा कोंडूनं हिरीच्या बाहीला हिसका दिला.

"गाडीच्या पोटात ठपठप वाजतंय," तो म्हणाला.

"काय?"

"मघाशी म्या पुन्यांदा पों केलं. सायेब च्या पीत हुतं तवा. पों केलं की मागं ठपठप वाजतं. म्या आजीला सांगितलं. आजी म्हनली, गप बस, मार खाशील."

कुमुद ताडकन उठली. "कोंडू, चल. पुन्हा हॉर्न वाजव. आज तुला कुणी मारणार नाही."

---

चौघं गाडीपाशी पोचले तेव्हा हॉटेलात गोंधळ चालला होता. काका टेबलाखाली वाकून किल्ली शोधत होते, महिपती बाकडी सरकवत होता, आणि आई उभी राहून काकांच्या गुडघ्याकडे निरखून बघत होती. इतका दुखरा गुडघा इतका छान वाकतो याचं तिला नवल वाटत असावं.

कुमुदनं खिडकीतून हात घालून दार उघडलं, मागच्या सीटवर चढली आणि पाठीच्या रेक्झिनला कान लावला. "हं, दाब."

कोंडूनं दोन्ही हात हॉर्नवर ठेवले. सकाळपासून ज्यासाठी जीव टांगला होता ते आता हुकमानं करायचं होतं. त्यानं सगळा जोर लावून पों केलं.

ठप ठप ठप.

कुमुदच्या कानाखालीच वाजलं.

"आहे! ती आत आहे, सीटच्या पाठीत!"

"हात काढा गाडीवरून!" काका हॉटेलातून धावत आले. "फोडताय काय माझी गाडी? वहिनी, ह्या पोरांना आवरा. आणि किल्ली कुणी घेतली?"

"भाऊजी, एक मिनिट," आई म्हणाली. ती धापा टाकत मागून आली होती. "कुमुद, काय आहे?"

"आई, तू स्वतः ऐक. कान लाव इथं."

आईनं कान लावला. कोंडूनं परत हॉर्न दाबला. आईचा चेहरा बदलला. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "सीट कशी निघते, भाऊजी?"

"सीट निघत नाही."

"निघती," हॉटेलाच्या दारातून महिपती म्हणाला. त्यानं आयुष्यात बऱ्याच बिघडलेल्या गाड्या आपल्या दारात खोलताना बघितल्या होत्या. "खालची गादी वर वढायची, मंग पाठ सुटती."

हिरी आणि कुमुद दोघींनी मिळून गादी ओढली. पाठ सुटली. डिकीच्या बाजूच्या पुठ्ठ्याला लिंबाएवढं भोक होतं, कडा दातांनी बारीक कुरतडलेल्या. सीटमधला काथ्या विस्कटून त्याचं गोल घरटं केलेलं होतं, त्यात तांदळाचे पांढरेशुभ्र दाणे पसरले होते, आणि त्यात ठुमकी बसली होती. तिचं पोट आता फुगलेलं नव्हतं. तिच्या पोटाखाली शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं वळवळत होती आणि बाजूला मोठी पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती.

"अगं बाई!" आई म्हणाली.

कुमुदनं मोठी पिल्लं मोजली. परत मोजली. तीन होती. कानावर काळा ठिपका असलेला, सगळ्यात लहान टिल्लू नव्हता.

ती काकांकडे वळली. "डिकी उघडा."

"डिकीत काही नाही."

"तांदूळ आहे. हे दाणे कुठून आले मग? आकाशातून? डिकी उघडा, काका. टिल्लू तिथं आहे."

भोवती आता माणसं जमली होती. एसटीची वाट बघणारे, हॉटेलातले, शेतावरून येणारे. काका कपाळ पुसत म्हणाले, "किल्लीच सापडत नाही, तर उघडू कशी?"

"किल्ली आहे," रंजन म्हणाला. "आजींच्या टोपलीत, काकड्यांच्या तळाशी. पण ती टोपली रस्त्यावर टाकलीय. ती उचलून पडवीत पहिल्या जागी ठेवली, की मिळेल."

महिपती खजील होऊन टोपलीकडे गेला. तो उचलणार एवढ्यात आई म्हणाली, "थांबा. तुम्ही नाही. भाऊजी उचलतील."

"वहिनी, मी?"

"तुम्हीच."

काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर टोपलीची माती लागली. त्यांनी टोपली छातीशी धरून पडवीत नेऊन ठेवली आणि गुडघे टेकून ते एकेक काकडी बाहेर काढू लागले. चिमाबाई शेजारी उभी राहून बघत होती. "दमानं, सायेब. मोडंल," ती म्हणाली.

किल्ली मिळाली. डिकी उघडली. अंथरुणाच्या होल्डॉलमध्ये गुंडाळलेलं फुगीर पोतं, एका कोपऱ्याला कुरतडलेलं, आणि चोहीकडे आंबेमोहोराचा घमघमाट. पोतं महिपतीनं बाजूला ओढलं.

टिल्लू खाली होता. चपटा, गार.

"हा..." काका घसा साफ करत म्हणाले. "वाईट झालं. पण शेवटी उंदीरच तो. मी तुला पुण्यात दुसरा..."

"भाऊजी, आता एक शब्द बोलू नका," आई म्हणाली. इतका वेळ साठलेला तिचा राग आता बाहेर आला, आणि कुमुदला कळलं की आपला स्वभाव नक्की कुणावर गेलाय. "तुम्ही मुलीला शब्द दिलात आणि मोडलात. चोरून तांदूळ नेत होतात, आणि चोर कुणाला म्हणालात? ह्या लेकराला. मीही ऐकून घेतलं. माझीही चूक झाली." ती चिमाबाईकडे वळली. "मावशी, मला माफ करा."

चिमाबाईनं नुसती मान डोलावली.

महिपतीला आता आपण भलत्या बाजूला उभे होतो हे उमगलं होतं, आणि तो मोठ्या आवाजात म्हणाला, "पोरं मातर लय हुशार हायती. शाबास रं पोरांनो!" गर्दीतून आणखी दोघं-तिघं शाबास म्हणाले. काकांनाही यातून सुटायची वाट दिसली. त्यांनी हिरीच्या पाठीवर थाप मारायला हात पुढे केला. "शाबास पोरी. धिटाई आहे तुझ्यात."

हिरी एक पाऊल मागे सरली. काकांचा हात हवेतच राहिला.

"शाबासकी नगं मला," ती म्हणाली. "मघाशी वरडून चोर म्हनलासा. आता तेवढंच वरडून सांगा, हिरी चोर न्हाई."

काकांनी आईकडे बघितलं, महिपतीकडे बघितलं. कुणीही मदतीला आलं नाही. कुमुद हिरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, रंजन कुमुदच्या शेजारी, आणि कोंडूनं गाडीच्या खिडकीतून डोकं काढलं.

"हिरी चोर नाही," काका पुटपुटले.

"आय्कू न्हाई आलं."

"हिरी चोर नाही," काका मोठ्यानं म्हणाले. एसटीची वाट बघणारा शेवटचा माणूससुद्धा मान वळवून बघेल एवढ्या मोठ्यानं. "गाडी मी नेली होती."

तेव्हा कुठं हिरी हलली. तिनं टिल्लूला फडक्यात घेतलं, आणि कुमुदच्या हाताला धरून आंब्याकडे चालू लागली. जिथं गाडी दिवसभर राहायला हवी होती, बरोबर तिथं दोघींनी हातांनी खड्डा केला. कुमुद आत्ता कुठं रडली. हिरीनं माती लोटली आणि वर एक दगड ठेवला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून.

---

तांदळाचं पोतं महिपतीच्या ओट्यावर उतरलं. ते ज्याचं त्याच्या घरी उद्या परत जायचं, असं आईनं ठरवून टाकलं. ठुमकीनं घरट्यात नेलेले दाणे तेवढे तिचे तिला राहिले.

मग नवीनच प्रश्न आला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं घरटं हलवलं तर आई पिल्लांना टाकते, नाहीतर मारते. हे बाबांनी कुमुदला चांगलं बजावून सांगितलं होतं.

"म्हणजे मी घाट उतरायचा कसा?" काका म्हणाले.

"उतरायचा नाही," कुमुद म्हणाली. "गाडी लोणावळ्याच्या बंगल्यात, सावलीत उभी राहील. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत. तुम्ही रेल्वेनं जा."

काकांनी आशेनं वहिनींकडे बघितलं.

"बरोबर बोलतेय ती," आई म्हणाली.

मागच्या सीटवर आता कुणी बसायचं नव्हतं, म्हणून आई आणि रंजन एसटीनं गेले. कुमुद गाडीत काकांच्या शेजारी बसली, अर्धं अंग मागे वळवून. सीटची पाठ सैल ठेवली होती आणि वर ओलं फडकं घातलं होतं. काकांनी गाडी अगदी हळू, फुलासारखी सुरू केली. दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच ते जमलं.

थोडं पुढे गेल्यावर समोर एक बैलगाडी लागली. ठाकरवाडीच्या शिदूची, पेंढ्यानं गच्च भरलेली, रस्त्याच्या अगदी मधून चाललेली. पेंढ्यावर चिमाबाई रिकाम्या टोपलीला टेकून बसली होती, आणि तिच्या पलीकडे हिरी नि कोंडू पाय सोडून काकडी खात होते.

काकांचा हात सवयीनं हॉर्नकडे गेला.

"हॉर्न नाही," कुमुद म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला. हिरीनं वळून बघितलं, गाडी ओळखली, आणि शिदूला काहीतरी सांगितलं. बैलगाडी होती त्याहून हळू झाली. फियाट तिच्यामागून लोणावळ्याच्या अलीकडच्या वलवणपर्यंत तशीच आली आणि वाटेतला प्रत्येक माणूस थांबून त्या वरातीकडे बघत राहिला.